वरच्या मजल्यावरची तिसरी तबकडी

रविवार, दि. १३ एप्रिल २०२५, सकाळचे साडेअकरा. पत्नी वरच्या मजल्यावरून खाली आली, दारात चपला काढल्या आणि म्हणाली, "अहो, त्या गाण्यात माझा आवाज आहे."

मी वर्तमानपत्र वाचत होतो. कोणत्या गाण्यात, असे विचारले.

"आपण गेलो होतो ना, ती बाईंच्या गाण्याची रात्रभराची बैठक. अप्पांनी आज तिसरी सीडी लावली. पहाटे मी 'जोगिया म्हणा' म्हणाले होते बघा, ते आलंय त्यात. अगदी स्पष्ट. सगळे माझ्याकडं वळून बघायला लागले."

तिचा चेहरा लाल झाला होता. उन्हाने झाला असावा, असे मी समजलो. नंतर लक्षात आले की जिना इमारतीच्या आत आहे. तेथे ऊन नसते.

त्या बैठकीचा संच माझ्याकडेही होता, तीन तबकड्यांचा, मूळ आवरणासह. तो निघाला त्याच आठवड्यात मी सोलापूरच्या नवी पेठेतील दुकानातून घेतला होता. मात्र तो मी उघडला नव्हता.

याचे कारण सांगितले पाहिजे. मी पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालो. वस्तू नवी घ्यावी, पारखून घ्यावी आणि जपावी, ही माझी रीत. लोक सीडी म्हणतात, मी तबकडी म्हणतो. आजवर जेवढ्या घेतल्या तेवढ्या नव्या घेतल्या. घरी आणल्यावर ऐकायची ती मी एकदा ऐकतो, मऊ कापडाने आतून बाहेर सरळ रेषेत पुसतो आणि लोखंडी कपाटात ठेवतो. ज्या बैठकीला मी स्वतः हजर होतो तिची तबकडी मात्र मी उघडत नाही. जे समोर बसून ऐकले ते यंत्रातून पुन्हा ऐकण्याचे कारण नाही. अशी तबकडी मी केवळ बैठकीची खूण म्हणून ठेवतो, आणि खुणेचे सील फोडायचे नसते. या नियमाला मी अपवाद केला नव्हता.

आमच्या वर तिसऱ्या मजल्यावर चादरींचे एक निवृत्त व्यापारी राहतात. सारी इमारत त्यांना अप्पा म्हणते. त्यांची रीत माझ्या बरोबर उलट. त्यांनी आयुष्यात एकही नवी तबकडी घेतली नसावी. त्यांच्याकडील डब्यांना तडे गेलेले असतात, झाकणे निखळलेली असतात. आतील पुस्तिकेच्या पहिल्या पानावर कोणीतरी कोणाला वाढदिवसानिमित्त शुभाशीर्वाद दिलेले असतात. निम्म्या तबकड्या मिठाईच्या पुठ्ठ्याच्या खोक्यांत असतात. अप्पा शेंगांच्या चटणीचे बोट धोतराला पुसतात आणि त्याच बोटाने तबकडी उचलतात. हे मी प्रत्यक्ष पाहिले आहे.

तरीही दर रविवारी दहा वाजता लोक त्यांच्याकडे जातात. समोरच्या इमारतीतील निवृत्त प्राध्यापक, कोपऱ्यावरचे औषधांचे दुकानदार, विमा कार्यालयातील दोघे, आणि माझी पत्नी. सर्व जण माझ्या दारावरून जिना चढतात. चपलांचा आवाज मला आत ऐकू येतो. मग वर कोणीतरी "व्वा!" म्हणते आणि तेही ऐकू येते.

माझे यंत्र त्यांच्यापेक्षा चांगले आहे. माझे स्पीकर चांगले आहेत. माझ्या एकाही तबकडीवर ओरखडा नाही. माझ्याकडे कोणी येत नाही. मला अप्पांचा मत्सर वाटतो. मी बरेच दिवस दुसरा शब्द शोधला. तो मिळाला नाही.

गेल्या वर्षी मी त्यांचा झराच शोधून काढला. आठवडी जुन्या बाजारात एक म्हातारे भाई पंखे, घड्याळे, ग्रामोफोनचे भोंगे आणि तबकड्या विकतात. एखादे घर रिकामे झाले, मुले परदेशी गेली, आईवडील गेले, की माल भाईंकडे येतो आणि भाई प्रथम अप्पांना दूरध्वनी करतात. मी इस्त्रीचा सदरा घालून गेलो. एका बाजूला वेगळा ठेवलेला गठ्ठा दिसला. मी हात पुढे केला.

"साब, वो अप्पा का माल है. ये बाकी का देखो."

हे मला द्या, असे मी म्हणालो.

"कैसा देना? अप्पा आते, यां पाटे पे बैठते, चाय पीते, लगा के सुनते. तुमे तो रुमाल से पकडरे. मेरे माल कू खुजली हुई है क्या?" शेजारचा कुलूपवाला हसला. भाईंनी आवाज थोडा खाली आणला. "नवा होना तो दुकान में जाव ना, साब. यां तो जुनाच मिलता."

दुकान उरले होते कोठे? नवी पेठेतील ते दुकान केव्हाच बंद झाले. तेथे आता मोबाइलची रंगीत आवरणे टांगलेली असतात. पुण्याला मुलाच्या नव्या मोटारीत तबकडी घालायला फटच नाही. तो महिन्याला वर्गणी भरतो आणि सगळे गाणे हवेतून येते. एकदा मी त्याला एक जुना मारवा लावायला सांगितला. गेल्या महिन्यापर्यंत होता, आता काढून टाकलेला दिसतो, असे तो म्हणाला. कोणी काढला, का काढला, हे त्याला ठाऊक नव्हते, आणि त्याचे त्याला काही वाटलेही नाही. ज्या वस्तूला जागा लागत नाही तिच्यावर आपली मालकीही राहत नाही, असे माझे मत झाले. तेव्हापासून मी कपाटाकडे अधिक समाधानाने पाहू लागलो.

हे मत मी जिन्यात अप्पांना ऐकवले होते. ते म्हणाले, "साहेब, अगदी बरोबर बोललात. पण पुढं नवी सीडी निघायचीच नाही बघा. मग सगळ्या जुन्याच की! तुमी पण माझ्या जातीत येणार." आणि मोठ्याने हसले. पुढे म्हणाले, "आणि मी तर म्हणतो जुनीच बरी. चार जणांनी ऐकलेली असती, ती वाजती हे ठाऊक असतं. सीलबंद मालाचं काय सांगावं?"

व्यापाऱ्याचे बोलणे म्हणून मी ते सोडून दिले.

आता त्या रविवारी पत्नी समोर उभी होती. ती वर जाऊन गाणे ऐकते, याची मी सवय करून घेतली होती. पण तिने स्वतःचाच आवाज, तिच्या तरुण वयातला, दुसऱ्याच्या घरी, दुसऱ्याच्या यंत्रावर, इतरांच्या देखत ऐकावा, आणि मी त्या वेळी खाली वर्तमानपत्र वाचत असावे, हे मला सहन होईना. तो आवाज माझ्या घरात वाजला पाहिजे. त्याच दिवशी वाजला पाहिजे.

"बस," मी म्हणालो. "मी लावतो."

"काय लावता?"

मी कपाटातून संच काढला आणि टेबलावर ठेवला. तिने संचाकडे पाहिले, मग माझ्याकडे.

"सील फोडणार? तुम्ही?"

"हो."

"थांबा, पंचांग आणते. मुहूर्त तरी बघा."

मी दाढीचे नवे पाते घेतले आणि आवरणाला कडेने सरळ चीर दिली. कागदाला धक्का लागला नाही. आतील पुस्तिका कोरी करकरीत होती. पहिल्या दोन तबकड्या आरशासारख्या होत्या. मला समाधान वाटले. वर आजवर काय वाजत होते आणि येथे आता काय वाजेल, याची तुलना मी मनात करूनही टाकली.

तिसऱ्या तबकडीवर, झाकणाच्या बाजूने, करड्या स्पंजची एक पातळ चकती होती. प्रवासात तबकडी हलू नये म्हणून त्या काळी अशा जाड डब्यांत स्पंज घालत. मी तो उचलू लागलो. तो उचलला गेला नाही. सोलापूरचे इतके उन्हाळे बंद कपाटात काढून तो चिकट झाला होता आणि तबकडीच्या अंगावर बसला होता. मी नखाने कड सोडवली. स्पंज तुकड्या-तुकड्याने निघाला आणि त्याच्याबरोबर छापील अक्षरे निघाली. अक्षरांखालचा चकचकीत थरही निघाला. मी तबकडी खिडकीसमोर धरली. तिच्यातून ऊन ठिकठिकाणी आरपार येत होते.

तरी यंत्रात घातली. यंत्राने ती फिरवली, थांबवली, पुन्हा फिरवली आणि बाहेर ढकलली. आणखी तीनदा तसेच केले.

एकदाही न वाजलेली तबकडी खराब होऊ शकते, ही कल्पना मला आजवर शिवली नव्हती. झीज वापराने होते, असे मी धरून चाललो होतो.

पत्नी म्हणाली, "स्पंज होय? अप्पांच्यात नव्हता तो."

"नसेल."

"वर जाऊ या का? ते लावतील परत. त्यांना काय."

"त्यांना काय" हे दोन शब्द मला लागले. मी जेवायला वाढण्यास सांगितले.

जेवलो. पडलो, झोप आली नाही. पाच वाजता सदरा बदलला, संच हातात घेतला आणि वर निघालो. पत्नीने केस सारखे केले आणि ती मागून आली.

अप्पा बनियनवर पंख्याखाली बसले होते. मला पाहून उठलेच.

"अय्यय्यो! साहेब! सूर्य कुठनं उगवला आज? सूनबाई, चहा टाक गं. साहेब आलेत, कप चांगले काढ." मग पत्नीकडे वळून, "वहिनी, काय जादू केली ओ?"

मी उभ्यानेच सांगितले की त्यांच्याकडील तिसरी तबकडी मला विकत हवी आहे.

अप्पा क्षणभर माझ्याकडे पाहत राहिले. "तुमाला? वापरलेली?"

"हो."

"माझ्या हातची? चटणीची?"

पत्नी हसली. मी हसलो नाही.

"विकायला मी काय बाजारात बसलोय का, साहेब? विकायची नाही. हितं बसा, लावतो." आणि मग त्यांची नजर माझ्या हातातील डब्यावर गेली. "अहो, हे तर नवंकोरं! मग माझी कशाला?"

मला ती तबकडी त्यांच्या हाती द्यावी लागली. त्यांनी ती पत्नीच्या मागच्या खिडकीकडे धरली, एक डोळा मिटला आणि तिच्यातून पाहिले. ते काहीतरी बोलतील म्हणून मी वाट पाहिली. सीलबंद मालाविषयी एक वाक्य त्यांना सहज बोलता आले असते. ते बोलले नाहीत. तबकडी हळूच डब्यात ठेवली आणि म्हणाले, "स्पंज. माझ्या संचाच्या पहिल्या मालकानं काढून टाकला असंल. रोज ऐकणारा दिसतोय. रोज कोण तो घाली आणि काढी?" त्यांनी मनातही विजय मानला नसावा. तेच मला अधिक बोचले. टोमणा मारला असता तर मला उत्तर देता आले असते.

मला पंख्याखालची खुर्ची दिली. अप्पांनी मिठाईच्या खोक्यातून तिसरी तबकडी काढली. तिच्यावर बारीक ओरखड्यांचे जाळे होते. ती मी माझ्या यंत्राजवळही येऊ दिली नसती. अप्पांनी ती बनियनला पुसली, गोल गोल पुसली, आणि यंत्रात सारली. ती वाजली.

त्यांनी गाणे पुढे नेले. बाईंचा ललत संपत आला. टाळ्या झाल्या. तंबोरे चालू राहिले, कोणीतरी खोकले, लाकडी खुर्ची करकरली. मग एक मुलीसारखा आवाज, माइकपासून दूर पण स्वच्छ: "बाई, जोगिया म्हणा की!"

पत्नीने पदराचे टोक बोटाला गुंडाळले.

लगेच एक पुरुषी आवाज, मोठा, हसरा: "बरोबर! ताई बोलल्या ते अगदी बरोबर! होऊ दे जोगिया!" सभागृह हसले. बाईही हसल्या. म्हणाल्या, सोलापूरला झोप येत नाही वाटतं. आणि षड्ज लावला.

"हा मीच ओ!" अप्पा मांडीवर थाप मारून म्हणाले. "सकाळी सगळ्यांसमोर बोललो नाही, म्हटलं खात्री करू. दुपारी दोनदा लावून बघितलं. मीच हाय. मागच्या रांगेत होतो, दुकानातल्या दोघांना घेऊन आलतो. वहिनी, आपली ओळख नव्हती तवा. बघा, ओळखीच्या आधीच तुमाला दाद दिली!"

पत्नी इतकी हसली की तिने डोळे पुसले.

मी ऐकत राहिलो. मी त्या रात्री तिच्या शेजारच्या खुर्चीवर होतो, हाताएवढ्या अंतरावर. संध्याकाळपासून सकाळपर्यंत जागचा उठलो नव्हतो. मी बैठकीत बोलत नाही, दाद देत नाही, मान हलवत नाही. गाणाऱ्याला अडथळा नको. त्यामुळे त्या ध्वनिमुद्रणात माझी पत्नी आहे, वरच्या मजल्यावरचे अप्पा आहेत, कोणाचा तरी खोकला आहे, एक खुर्चीही आहे. मी नाही. तिने मागितले आणि साथ त्यांनी दिली, असेच ते यापुढे ऐकले जाईल. जोवर ही तबकडी वाजेल तोवर.

जोगिया चालू होता. तो उत्तम होता. मी सांगतो ते स्मरणावरून. अप्पांकडे त्या संध्याकाळी मला तो नीट ऐकू आला नाही.

गाणे संपल्यावर मी पत्नीला म्हणालो, "तुला जोगिया आवडतो हे मला ठाऊक नव्हते."

"मला?" ती म्हणाली. "मला कुठं राग कळत होते तेव्हा? लग्नाला वर्षही झालं नव्हतं. घरून निघताना तुम्हीच म्हणत होतात, आज जोगिया झाला पाहिजे, आज जोगिया झाला पाहिजे. तिथं गेल्यावर तोंडाला कुलूप. पहाट झाली तरी गप्प. म्हटलं, हे काही विचारायचे नाहीत. मग मीच विचारलं."

अप्पांनी "व्वा!" म्हटले. मी चहाचा कप खाली ठेवला. घरून निघताना मी तसे म्हणालो होतो. ते मी विसरलो होतो. तिने सांगितल्यावर आठवले.

अप्पांनी यंत्रातून तबकडी काढली, माझ्या संचाच्या डब्यात ठेवली आणि डबा माझ्यापुढे सरकवला. "घेऊन जावा, साहेब. विकत नको, तशीच. वहिनींचा आवाज तुमच्याच घरी पाहिजे. मला नातू पेनड्राइव्हवर घालून देतो की."

सकाळपासून मला हेच हवे होते. पण ते त्यांच्या हातून, देणगी म्हणून, बनियनला पुसून आलेले, मला घेववेना. यापुढे घरात तो आवाज लावला की प्रत्येक वेळी तो अप्पांनी दिलेला असेल. आणि रविवारी दहा वाजता वर जमणाऱ्यांना अप्पा सांगतील की तिसरी साहेबांना देऊन टाकली. ते सांगतील तेही प्रेमाने.

मी विचारले, त्यांच्या पहिल्या दोन तबकड्या कशा आहेत.

"पहिली अडकती. पूरियात गिरकी घेती आणि मागं येती. दुसरी बरी हाय. पुस्तक नव्हतंच."

"मग माझ्या दोन येथे ठेवा," मी म्हणालो. "पुस्तिकाही ठेवा. संच पूर्ण होईल. तो एका जागी असावा."

"अहो साहेब, नव्याकोऱ्या! तुमी कधी लावल्या पण न्हाईत."

"म्हणून तर ठेवा."

ते नको नको म्हणत राहिले. मी ऐकले नाही. देणारा मी व्हायचे ठरवले होते, आणि त्यामागे औदार्य नव्हते. घ्यावे लागू नये म्हणून मी दिले. अप्पांना ते कळले नाही. त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला आणि सुनेला हाक मारून सांगितले की साहेबांनी बघ काय दिलं. पत्नीला कळले असावे. ती माझ्याकडे पाहत होती.

माझी खराब झालेली तबकडी तेवढी मी खिशात घातली. जिना उतरताना पत्नी म्हणाली, "म्हणजे आता मला माझा आवाज ऐकायचा तर वरच जावं लागणार."

"हो."

"आणि तुम्ही?"

"रविवारी दहाला मला दुसरे काम नसते," मी म्हणालो.

"दाद द्यायला लागते तिथं. गप्प बसलेलं अप्पांना चालत नाही."

मी दाराची किल्ली काढली. मत्सर गेला असेही नाही. वरून अप्पांचे हसणे ऐकू आले तेव्हा तो होताच.

घरात आल्यावर दिवा लावला आणि कपाट उघडले. तीन-तीन, चार-चार तबकड्यांचे असे सीलबंद संच आणखी होते. ते सगळे टेबलावर आणले आणि पात्याने एकेक आवरण चिरत गेलो. काही स्पंज कोरडे होते, सहज निघाले. दोन चिकटू लागले होते. ते ओल्या कापडाने दाबून, न ओढता, सोडवले. पत्नीने स्वयंपाकघरातून विचारले की जेवायचे का. आलोच, असे सांगितले. सगळे स्पंज एका पिशवीत भरले, पिशवीला गाठ मारली आणि ती सकाळच्या घंटागाडीसाठी दाराबाहेर ठेवली.